परभणीचा धावपटू बॉबस्ले किंवा स्केलेटनमध्ये जाऊ शकतो का? सुरुवात कशी करावी?

तुम्ही लिहिलंय, वय 20, शंभर मीटर 11.1 सेकंदांत, बर्फ फक्त टीव्हीवर पाहिलाय. मी बीड जिल्ह्यात बरीच वर्षं पोरांना स्प्रिंट शिकवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या मैदानावरच्या एका मुलीनं हाच प्रश्न विचारला होता, तेव्हापासून मी या खेळाच्या मागे लागलोय.

जाऊ शकता. बॉबस्ले म्हणजे बर्फाच्या वळणावळणाच्या उतारावर दोघा-चौघांनी ढकलून, मग आत बसून खाली न्यायची गाडी. स्केलेटन म्हणजे एकट्यानं छोट्या स्लेजवर, म्हणजे घसरगाडीवर, पोटावर झोपून घसरणं. हे खेळ लहानपणापासून बर्फावर वाढलेल्यांचेच नाहीत, यात मैदानावर तयार झालेली माणसं घेतात. ब्रिटनची लिझी यार्नल्ड हेप्टॅथलॉन (धावणं, उड्या, फेक असे सात प्रकार) करायची. नवे खेळाडू शोधायच्या मोहिमेतून ती स्केलेटनमध्ये आली आणि 2014, 2018 अशी दोन्ही ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन गेली. दक्षिण कोरियाचा युन सुंग-बिन 2012 मध्ये स्केलेटनकडे वळला आणि 2018 ला प्योंगचांगमध्ये जिंकला. नायजेरियाची सिमिडेले अडेआग्बो तिहेरी उडी मारणारी, ती वयाच्या 36 व्या वर्षी तिथं उतरली.

कारण साधं आहे. ट्रॅक साधारण बाराशे ते पंधराशे मीटरचा असतो, पण ढकलत पळायचं ते पहिल्या 50 मीटरला, जेमतेम पाच सेकंद. तिथं मागे पडलात तर खाली भरून काढणं फार अवघड. दोघांची बॉबस्ले रिकामी असतानाच निदान 170 किलोची असते. स्केलेटनमध्ये स्लेजला हात लावून, कमरेत पूर्ण वाकून पळायचं आणि पळता पळता पोटावर झेपावायचं, डोकं पुढे. ब्रेक नाही, स्टिअरिंग नाही. खांदा आणि गुडघा दाबून वळवायची, हनुवटी बर्फापासून काही बोटं वर. म्हणून खो-खो खेळलेली पोरं मला यासाठी फार योग्य वाटतात. खो मिळाल्यावर वाकल्या अंगानं उठून पहिली तीन पावलं कशी टाकायची, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

त्या मुलीला मी छोटा हत्ती ढकलायला लावला. पहाटे, गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये आणि आत ब्रेकवर पाय ठेवून जाणता ड्रायव्हर. त्याच्याशिवाय हे अजिबात करू नका. सुरुवातीला तिचे हात कोपरात वाकायचे, सगळा जोर तिथंच जिरायचा आणि गाडी ढिम्म. पुढे हात सरळ राहिले, पाठ आडवी झाली, ढकल घोट्यातून यायला लागली. गाडी हलली की मग पाय भराभर फिरले पाहिजेत. ते तिला सगळ्यात उशिरा जमलं. बहुतेकांचं तसंच होतं.

11.1 ही वेळ हातातल्या घड्याळावरची असेल, तर इलेक्ट्रॉनिकवर ती साधारण पाव सेकंदानं वाढेल हे धरून चला. तसंही इथं शंभरपेक्षा 30 मीटर महत्त्वाचे. अमेरिकेत निवड चाचणीला छोटी स्प्रिंट, जागेवरून लांब उडी आणि दोन्ही हातांनी खालून फेकलेला गोळा मोजतात. तिन्ही परभणीत मोजता येतं. महिन्यातून एकदा मोजा आणि वहीत लिहा.

दोन्हींत निवडायचं तर मी स्केलेटन सांगेन. बॉबस्लेला जोडीदार लागतात, अंगानं भरलेले गडी लागतात (दोघांची गाडी माणसांसकट 390 किलोपर्यंत, चौघांची 630), आणि ती गाडी देशोदेशी न्यायचा खर्च वेगळाच. स्केलेटनला एक माणूस, एक स्लेज.

पण चालवणं बर्फावरच शिकावं लागतं, आणि भारतात ट्रॅक नाही. आशियात प्योंगचांग आणि बीजिंगजवळचं यानछिंग, युरोपात ऑस्ट्रियातलं इगल्स, लाटव्हियातलं सिगुल्डा. नवख्याला वरून सोडत नाहीत, खालच्या वळणांपासून सुरू करतात. एक फेरी मिनिटभराची, दिवसात मोजक्याच फेऱ्या. खरा पैसा आणि खरी वर्षं इथं जातात. मनालीच्या शिव केशवननं ल्यूजमध्ये, म्हणजे पाय पुढे करून उताणं घसरायच्या खेळात, स्लेजला चाकं लावून हिमालयातल्या रस्त्यांवर सराव केला आणि 1998 ते 2018 सहा ऑलिंपिक खेळला.

शर्यतीचा परवाना देशाच्या महासंघामार्फत मिळतो, तेव्हा तिकडे आणि आयबीएसएफ या बॉबस्ले-स्केलेटनच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला, दोघांनाही लिहा. सोबत 30 मीटर, उडी आणि गोळ्याचे व्हिडिओ, बाजूनं काढलेले, कंबर आणि घोटा नीट दिसेल असे. पासपोर्ट आताच काढा. सैन्यभरतीचा विचार असेल तर तोही सोडू नका. आमच्या आष्टी तालुक्यातला अविनाश साबळे सियाचिनला नोकरी करून आला आणि मग सैन्यातूनच स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळ्यांच्या लांब शर्यतीकडे वळला.

माझ्या त्या मुलीचा पासपोर्ट आलाय, बर्फ अजून बाकी आहे. तुमची 30 मीटरची वेळ आणि उडी इथं खाली लिहा, मी बघून पुढचं सांगतो.