आधी खोलीचे माप

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लघुपटाची संहिता दोनदा वाचली. नायक नोकरीसाठी मुंबईत येतो, मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसतो, लोकलच्या दारात उभा राहतो आणि एकाकी होतो, हे तू मनापासून लिहिले आहेस. परंतु तो राहतो कुठे, भाडे किती देतो, नळाला पाणी किती वाजता येते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मला सापडले नाही. महानगरातले जगणे या हिशेबानेच ठरते, आणि जे चित्रपट तो टाळत नाहीत तेच मला खरे वाटतात.

राजा ठाकूर यांचा 1970 सालचा ‘मुंबईचा जावई’ पुन्हा पाहा. भरल्या घरात नवपरिणीत जोडप्याला एकांत मिळत नाही, एवढ्या अडचणीवर तो उभा आहे. त्याला खलनायक लागत नाही. बासू चटर्जींनी 1972 साली त्यावरूनच ‘पिया का घर’ केला. भीमसेन यांच्या ‘घरौंदा’त (1977) तर पै-पै साठवून घर घेऊ पाहणाऱ्या दोघांना बिल्डर फसवतो आणि प्रेमाची सगळी गोष्टच तिथून वळते.

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मधल्या (2014) सरकारी वकील बाई न्यायालयातून निघतात, लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात. खटल्याशी याचा काय संबंध, असे क्षणभर वाटते. पण पुढे त्या पुन्हा न्यायालयात उभ्या राहतात, तेव्हा त्यांच्यामागचे ते घर आपल्याला दिसत राहते.

चित्रीकरणाच्या सोयीसाठी भिंत मात्र हलवू नकोस. बी.डी.डी. चाळीतली खोली 160 चौरस फुटांची. तिथे कॅमेऱ्याला मागे सरकायला जागा नाही, कारण ती माणसांनाही नाही. आमच्या खोलीत वडील रात्रपाळीहून येऊन झोपले, की आई घासलेली भांडी मांडीवर फडके पसरून एकेक करून पुसत असे. फरशीवर वाटी टेकली तरी त्यांची झोप मोडेल, ही तिला धास्ती. तसा एक प्रसंग मला तुझ्याकडून हवा आहे. मरीन ड्राइव्ह वगळलास तरी चालेल.

नवा खर्डा लिहिण्यापूर्वी नायकाची खोली गच्चीवर खडूने आखून बघ. ट्रंक कुठे, शेगडी कुठे आणि चौथा माणूस कुठे झोपतो, ते ठरव. दिवाळीपूर्वी पाठवलास, तर सवडीने वाचीन.

तुझा,
काका