चुकायला नको

गेल्या पंधरा दिवसांत हा प्रश्न मी चौथ्यांदा ऐकला. "मॅडम, बीबीए करता करता जर्मन केलं तर दोन्ही अर्धवट राहील का?" बीबीए म्हणजे व्यवस्थापनाची पदवी. कधी जर्मनच्या जागी फ्रेंच असतं, कधी स्पॅनिश. विचारणारी कधी नुकती बारावी झालेली मुलगी असते, कधी तिची आई, आणि बऱ्याचदा वर्षभर दोन्ही करून थकलेला एखादा मुलगा.

पुण्यात समुपदेशन करणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकीय भाषांचे वर्ग पिढ्यान्‌पिढ्या चालू आहेत. मॅक्स म्युलर भवन या जर्मन शिकवणाऱ्या संस्थेतून भाषा शिकलेलं कुणी ना कुणी ओळखीत असतंच. २००९मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि 'व्यवस्थापनाला जर्मनची जोड' हा सल्ला लग्नाच्या पंगतीतही मिळू लागला. सल्ला मिळतो, पण तो पाळताना मुलाच्या मनात काय चालतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून एका मुलीची हकिगत सांगते. तिला ऋतुजा म्हणू. नाव बदललं आहे आणि तपशिलात आणखी दोघांचे तपशील मिसळले आहेत.

ऋतुजा बीबीएच्या दुसऱ्या वर्षाला होती. सकाळी कॉलेज, आठवड्यातून तीन संध्याकाळी जर्मन. आली ती पोटदुखीमुळे. जर्मनच्या वर्गाआधी तासभर पोटात कळा यायच्या, डॉक्टरांना काही सापडत नव्हतं, त्यांनीच माझ्याकडे पाठवलं. पहिल्या दिवशी वडील सोबत होते. भोसरी एमआयडीसीत त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. मोठ्या कंपन्यांना माल देणाऱ्यांना ते फिक्श्चर्स, म्हणजे काम चालू असताना सुटा भाग घट्ट धरून ठेवणारे साचे, बनवून देतात.

"मॅडम, एक ना धड भाराभर चिंध्या झाल्यात हिच्या," ते म्हणाले. "बीबीए करतेय तर नीट कर म्हणावं. जर्मन मोबाइलसुद्धा बोलतो आता. आमच्याकडे ड्रॉइंगवर जर्मनमध्ये सूचना असतात. मी फोटो काढतो, दोन सेकंदात इंग्रजी येतं."

ऋतुजा खाली बघत होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "बाबा बरोबरच सांगतायत. मी नापास झालेय."

तिने जर्मनची बी-१ पातळीची परीक्षा दिली होती. ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत्या पातळ्यांतली ही तिसरी. या परीक्षेचे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येक भाग १०० गुणांचा, उत्तीर्ण व्हायला ६० लागतात, आणि जो भाग राहील तेवढाच पुन्हा देता येतो. ऋतुजा पहिल्या तिन्हींत चांगल्या गुणांनी पास होती. फक्त संभाषण राहिलं होतं. तरी तिच्या तोंडी शब्द होता 'नापास'. मी तो वहीत लिहून ठेवला आणि त्या दिवशी त्यावर काही बोलले नाही.

वडिलांचा प्रश्न मात्र खरा होता आणि त्याला सरळ उत्तर हवं होतं. असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी आधी हिशेब मांडून दाखवते. शून्यापासून बी-२पर्यंत, म्हणजे ऑफिसात बऱ्यापैकी वावरता येईल इतकं जर्मन यायला, साधारण ६०० ते ८०० तासिका लागतात, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या. मधला आकडा धरला तर सव्वापाचशे तास. तीन वर्षांत विभागले, सुट्ट्या-परीक्षा वजा केल्या, तर आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास. तेवढाच वेळ घरच्या अभ्यासाला. म्हणजे दिवसाला सव्वा तास. फ्रेंच-स्पॅनिशला याहून थोडं कमी पुरतं. हे झेपण्यासारखं आहे, पण पहिल्या वर्षापासून सुरुवात केली तर. शेवटच्या वर्षी 'प्लेसमेंटसाठी पटकन जर्मन' करायला निघालेल्यांना मी स्पष्ट सांगते, ए-२ पातळीच्या सर्टिफिकेटवर भाषेसाठी म्हणून कुणी नोकरी देत नाही. आणि भाषा एकच घ्या. थोडं फ्रेंच, थोडं जर्मन, थोडं स्पॅनिश केलं, तर ऋतुजाच्या वडिलांची म्हण खरी ठरते.

हे दोन विषय एकत्र शिकणं म्हणजे पुणेकरांचं खूळ नव्हे. इंग्लंडमध्ये बाथ विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यवस्थापन आणि आधुनिक भाषा अशी एकच पदवी आहे. फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश घ्यायची, चार वर्षं शिकायचं आणि त्यातलं एक वर्ष परदेशी काढायचं. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) एप्रिल २०२२मध्ये दोन पूर्णवेळ पदव्या एकाच वेळी घ्यायला वाट मोकळी केली. वर्गांच्या वेळा एकमेकांवर येत नसल्या की झालं. पण वाट मोकळी आहे म्हणून प्रत्येकाने धावायचं नसतं. बहुतेकांना बीबीएसोबत बी-२चं प्रमाणपत्र पुरेसं आहे. ज्याला साहित्याची, भाषाशास्त्राची मनापासून ओढ आहे त्याने भाषेची दुसरी पदवी जरूर करावी.

हा हिशेब ऐकून वडील थोडे सैलावले. ऋतुजा नाही. तेव्हाच मला कळलं की वेळेचा प्रश्न वडिलांचा आहे. हिचा प्रश्न दुसरा आहे.

पुढच्या भेटींत ती एकटी आली. परीक्षेच्या दिवशी काय झालं, हे मी तिला अगदी सावकाश सांगायला लावलं. संभाषणाच्या भागात दोघे परीक्षार्थी समोरासमोर बसतात. आधी मिळून एखादा बेत ठरवायचा, मग प्रत्येकाने एका विषयावर बोलायचं, मग एकमेकांना प्रश्न विचारायचे. त्यांना सहकाऱ्याच्या निरोप समारंभाचा बेत आखायचा होता. ऋतुजाच्या मनात वाक्य तयार होतं. 'माझी एक सूचना आहे' एवढंच म्हणायचं होतं. पण जर्मनमध्ये नामाआधी त्याच्या लिंगाप्रमाणे डेर, डी किंवा डास लागतं. सूचना या शब्दाला यातलं कुठलं लावायचं, इथे ती अडली. समोरचा मुलगा वाट बघत होता. परीक्षक मान हलवून धीर देत होते. "मला नुसतं टेबल दिसत होतं मॅडम. टेबलाच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा होता, तो अजून डोळ्यांसमोर आहे."

"कॉलेजात प्रेझेंटेशन देताना असं होतं?"

"नाही! तिकडे मी पहिली उठते. सर म्हणतात, माहीत नसलं तरी आत्मविश्वासाने बोला."

या उत्तरापाशी मी बराच वेळ थांबले, कारण 'दोन्ही झेपेल का' या प्रश्नाच्या मुळाशी हेच असतं, हे मला अनेक मुलांकडून हळूहळू समजत गेलं आहे. व्यवस्थापनाच्या वर्गात मुलांना रोज सांगतात की तुम्हाला येतं असं दिसू द्या. सूट घाला, नजरेला नजर द्या, स्लाइड बदला. भाषेच्या वर्गात एकोणीस-वीस वर्षांच्या माणसाला पुन्हा तीन वर्षांचं व्हावं लागतं. 'मला पाणी हवं' एवढं म्हणताना चुकायचं, चारचौघांत चुकायचं, आणि उद्या पुन्हा चुकायला यायचं. एकाच दिवशी सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरं! थकवा अभ्यासाच्या तासांचा फारसा नसतो. सकाळचा रुबाब संध्याकाळी उतरवून ठेवता येत नाही, त्याचा असतो. आणि जे मूल हा रुबाब उतरवायला शिकतं ते पुढे व्यवस्थापनातही इतरांपेक्षा चांगलं ठरतं, असं माझं ठाम मत आहे. आपल्याला कळलं नाही, हे ग्राहकासमोर निवांतपणे सांगता येणारा मॅनेजर मिळणं फार कठीण.

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वाटेने काम करते. ऐकताना माझे कान 'च'वर असतात. 'झालंच पाहिजे', 'यायलाच हवं', 'चुकायलाच नको'. माणसाला घटनेपेक्षा हा 'च' जास्त छळतो. ऋतुजाला मी सांगितलं, जर्मनच्या वर्गाआधी मनात जी वाक्यं येतात ती लिहून आण. तिने पाच आणली. दोन्हीकडे पहिल्या पाचातच यायला हवं. बाबांचे पैसे वाया जायलाच नकोत. आणि सगळ्यांत वर, पेनाने दोनदा गिरवलेलं: बोलताना चुकायलाच नको.

एरवी इथून पुढची वाट मला पाठ आहे. पण त्या दिवशी एक गोष्ट अचानक सुचली. मला जर्मन येत नाही. मी म्हटलं, "हे वरचं वाक्य मला जर्मनमध्ये म्हणून दाखव."

ती पहिल्यांदा हसली. "इश डार्फ काइनं फेलर माखन."

"तू मघाशी 'मुस' म्हणजे 'पाहिजे' असं सांगितलंस. मग 'मुस'ला नकार लावून नाही का होत?"

"नाही मॅडम, इथेच सगळे चुकतात," आता ती शिकवण्याच्या सुरात आली होती. "'मुस निश्त' म्हटलं की अर्थ होतो, गरज नाही. नाही केलं तरी चालेल. करायचंच नाही असं सांगायचं असेल तर 'डार्फ निश्त'. म्हणजे परवानगी नाही."

"परवानगी कोणाची?"

ती बोलायला लागली आणि थांबली. खिडकीखालून बस गेली, तिचा आवाज विरेपर्यंत आम्ही दोघी गप्प होतो. अशा वेळी बोलायचा मोह फार होतो. इतक्या वर्षांत मी काही शिकले असेन तर तो मोह आवरायला.

"बाबा..." ती म्हणाली. मग मान हलवली. "नाही. बाबा असं कधी म्हणालेच नाहीत. बाबांना तर माझ्या चुका कळणारसुद्धा नाहीत." पुन्हा शांतता. "जर्मनच्या बाईही तसं म्हणाल्या नाहीत. बाई म्हणतात, चुका पण बोला. मॅडम, मला कुणीच मनाई केलेली नाहीये."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा मोकळा झाला होता. मग तिने आपणहून वही ओढली आणि त्या गिरवलेल्या ओळीखाली लिहिलं, वाचूनही दाखवलं: "इश मुस निश्त पर्फेक्ट झाइन." मी बिनचूक असण्याची गरज नाही.

त्या रात्री मी विचार करत राहिले. मराठीत 'तू यायला नको' म्हटलं तर त्याचा अर्थ 'यायची गरज नाही' असाही होतो आणि 'येऊ नयेस' असाही. आपला 'नको' दोन्ही पोटात घेतो. जी मुलगी मराठीत 'चुकायला नको' म्हणत होती तिला त्यातली मनाई तेवढी ऐकू येत होती. दुसऱ्या भाषेने ते दोन अर्थ वेगळे करून तिच्या हातात ठेवले. जी भाषा तिला आजारी पाडतेय असं घरच्यांना वाटत होतं, तिच्यातूनच सुटका झाली. मला न येणाऱ्या भाषेत, हे मला आजही फार मोलाचं वाटतं.

त्यानंतरच्या भेटींत आम्ही लहान लहान गोष्टी ठरवल्या. वर्गात रोज पहिल्या दहा मिनिटांत एक वाक्य बोलायचं, चुकलं तरी. बाई सुधारतील तेव्हा फक्त 'डांकं' म्हणायचं, माफी मागायची नाही. कळा लगेच थांबल्या नाहीत, दीड महिना लागला.

मराठी मुलांनी एक जरूर लक्षात घ्यावं. तीन लिंगं आपल्याला नवीन नाहीत, इंग्रजीवर वाढलेल्यालाच ती जड जातात. जर्मनमध्ये 'कारण' म्हणून वाक्य जोडलं की क्रियापद शेवटी जातं, ते तर आपलं घरचंच आहे. 'तू' कुणाला आणि 'तुम्ही' कुणाला, हेही आपल्याला लहानपणापासून कळतं. जर्मनमध्ये 'डू' आणि 'झी', फ्रेंचमध्ये 'त्यू' आणि 'वू', स्पॅनिशमध्ये 'तू' आणि 'उस्तेद'. साहेबाने 'डू' म्हणायला सांगितलं त्या दिवशी नात्यात काय बदललं, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

शेवटून दुसऱ्या भेटीला वडील पुन्हा आले. मोबाइलचा मुद्दा मी विसरले नव्हते. त्यांना म्हटलं, "ड्रॉइंगपुरतं तुमचं अगदी बरोबर आहे. वाचायचं काम यंत्र करतं. तुम्हाला भाषा आली असती तर बरं झालं असतं, असं कधी वाटलं का?"

ते नाही म्हणणार होते. मग खुर्चीत पुढे सरकले. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या ऑर्डरची ऑनलाइन मीटिंग होती. सगळं इंग्रजीत चाललेलं. किमतीवर गाडी आली आणि पलीकडचे दोघे आपसात जर्मन बोलायला लागले. "दोन मिनिटं असतील मॅडम. एकजण हसला. मग परत इंग्रजीत म्हणाले, कळवतो. मी स्क्रीनकडे बघत नुसता बसलो होतो. ऑर्डर गेली. काय बोलले देव जाणे. रागावले होते का घासाघीस करायला तयार होते, हेसुद्धा कळलं नाही. मोबाइल खिशात होता, पण तिथे काय बाहेर काढणार?"

ऋतुजा त्यांच्याकडे बघत होती. ही गोष्ट त्यांनी घरी कधीच सांगितली नव्हती.

"तेव्हा मला बोलवायचं ना बाबा," ती म्हणाली.

"तेव्हा तू बारावीला होतीस."

"पुढच्या वेळी बोलवा. सगळं नाही कळणार मला. रागावलेत का नाही, एवढं कळेल."

संभाषणाचा भाग तिने चार महिन्यांनी पुन्हा दिला आणि पास झाली. निकाल सांगायला आली तेव्हा गुणांआधी तिने मला काय चुकलं ते सांगितलं. 'बेत' या शब्दाला डेर लागतो, तिने डास प्लान म्हटलं होतं. तोंडातून गेल्यावर लगेच कळलंही.

"मग?" मी विचारलं.

"मग काय मॅडम, पुढचं वाक्य बोलले."