फिनिक्सच्या वाळवंटात पुराची तयारी खरंच लागते का?

तुमचा प्रश्न असा: नोकरीसाठी जूनमध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्सजवळ चँडलरला राहायला जाताय, तिथे वर्षाला जेमतेम सात इंच पाऊस, मग पुराची तयारी कशाला?

तयारी लागते, आणि ती सरासरी बघून करता येत नाही. ॲरिझोनात मान्सूनचा मोसम १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात. फिनिक्स विमानतळावर या साडेतीन महिन्यांत सरासरी ६२ मिमी पाऊस होतो. प्रत्यक्षात २०२१ साली १०७ मिमी झाला, २०२३ साली अवघा ४ मिमी. आणि ८ सप्टेंबर २०१४ रोजी एकाच दिवसात ८४ मिमी कोसळला. त्या दिवशी आय-१० महामार्गावर गाड्या बुडाल्या होत्या.

इतका लहरीपणा का? उन्हाळ्यात वरच्या हवेत जास्त दाबाचं एक मोठं क्षेत्र या भागावर येतं. ते ईशान्येकडे, न्यू मेक्सिको-कोलोरॅडोच्या बाजूला सरकलं की मेक्सिकोकडून आणि कॅलिफोर्नियाच्या आखातातून दमट वारे शिरतात. तेच डोक्यावर ठाण मांडून बसलं की ढग वाढत नाहीत, नुसता उन्हाचा तडाखा. ढगही आपल्या आषाढासारखे आभाळभर नसतात. दुपारी डोंगरांवर तयार होतात, संध्याकाळी खोऱ्यात उतरतात, आणि एकेक ढग काही किलोमीटरचाच असतो. चँडलरला धो धो आणि शेजारच्या टेम्पीत रस्ता कोरडा, हे नेहमीचंच.

म्हणून घरावरचं आभाळ बघून अंदाज बांधू नका. जमीन भाजून टणक झालेली, खाली बऱ्याच ठिकाणी चुनखडीचा घट्ट थर. अर्ध्या तासात इंचभर पाऊस पडला तर मुरायला वावच नसतो, सगळं पाणी कोरड्या ओढ्यांत उतरतं. या ओढ्यांना तिथे 'वॉश' म्हणतात. वर्षातले बहुतेक दिवस नुसती वाळू, आणि मग एकदम गाळ-ओंडक्यांसकट लोंढा. पाऊस वरच्या अंगाला, मैलोगणती लांब झालेला असू शकतो. १२ ऑगस्ट १९९७ला उत्तर ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियन या अरुंद घळीत ११ पर्यटकांचा जीव गेला तो असाच. मुख्य पाऊस दूर, वरच्या बाजूला झाला होता. आपली मंडळी तिथे हमखास फिरायला जातात. मोसमात अशा अरुंद घळीत वाटाड्याशिवाय उतरू नका, आणि त्याने सहल रद्द केली तर हुज्जत घालू नका.

गावातले बरेच रस्ते वॉशमधूनच जातात, आपल्याकडच्या फरशी पुलासारखे. वाहतं पाणी १५ सेंटिमीटर असलं तरी माणसाचे पाय उखडतात, ३० सेंटिमीटरला छोटी गाडी तरंगायला लागते, ६० सेंटिमीटरला मोठी एसयूव्हीसुद्धा वाहून जाते. शिवाय खालचा रस्ता खचलाय का, हे गढूळ पाण्यातून दिसत नाही. अडथळा लावलेला असताना तो ओलांडून पाण्यात गेलात आणि सोडवायला पथक बोलवावं लागलं, तर राज्याच्या कायद्याने त्याचा खर्च तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. वळसा घ्या किंवा थांबा. बहुतेक लोंढे काही तासांत ओसरतात. पावसाआधी धुळीची भिंत आली तर रस्त्यापासून शक्य तितकं बाजूला घ्या, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा आणि ब्रेकवरून पाय काढा. दिवे चालू राहिले तर मागचा गाडीवाला त्यांच्या रोखाने येऊन धडकतो.

फोनवरच्या इशाऱ्याबद्दल एक गोष्ट नव्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. २०२० पासून मोबाईलवर आपोआप वाजणारा इशारा फक्त जास्त नुकसान करू शकणाऱ्या पुरांसाठीच येतो. फोन वाजला नाही म्हणजे धोका नाही, असं नव्हे. हवामान खात्याचं फिनिक्सचं पान आणि मॅरिकोपा काउंटीच्या (फिनिक्स-चँडलरचा जिल्हा) पूरनियंत्रण विभागाचा पर्जन्यमापकांचा नकाशा, दोन्ही फोनमध्ये जतन करून ठेवा. 'वॉच' म्हणजे पूर येऊ शकतो, 'वॉर्निंग' म्हणजे आलाय किंवा आता येतोच आहे.

घर घेताना पत्ता फेमाच्या (अमेरिकी सरकारची आपत्ती व्यवस्थापन संस्था) पूरनकाशावर टाकून बघा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. सरकारी पूरविमा सहसा ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे आभाळ भरून आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. भाडेकरूलाही सामानापुरता तो काढता येतो. सपाट छत असेल तर जूनच्या सुरुवातीला पन्हाळी साफ करून घ्या; मेस्किट आणि पालो वेर्देच्या बारीक पानांनी त्या तुंबतात आणि पाणी छतातून घरात उतरतं. दारात पाणी अडवायला वाळूची पोती लावणार असाल तर ती निम्मी ते दोनतृतीयांशच भरा, तोंड न बांधता दुमडून खाली दाबा आणि विटांसारखे सांधे चुकवत रचा. गच्च भरलेलं पोतं नीट बसत नाही, फटीतून पाणी येतं. कॉलनीतलं खोलगट मैदान हे खेळायच्या जागेबरोबरच पावसाचं पाणी साठवायचं तळंही असतं, तेव्हा पावसात मुलांना तिथे सोडू नका.

पुढे कधी डोंगराळ भागात, फ्लॅगस्टाफसारख्या ठिकाणी घर घेतलंत, तर वरच्या उतारावर गेल्या काही वर्षांत वणवा लागला होता का ते आधी विचारा. जळलेली माती पाणी शोषत नाही. तिथे जुलै २०१९मध्ये म्युझियम फायर नावाचा वणवा लागला, त्यानंतरचे दोन पावसाळे कोरडे गेले, आणि २०२१च्या जुलैत त्याच उतारावरून चिखलाचे लोंढे वस्तीत शिरले.