मी तर घटनास्थळी नव्हतेच, मग मला त्रास का व्हावा?

आपत्कालीन मदतीचे फोन घेणाऱ्या नियंत्रण कक्षात अनेक वर्षे काम केलेल्या एक बाई काही काळापूर्वी माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि हे लिहिण्यास त्यांची संमती आहे.) त्यांचे दोन प्रश्न होते. पोलीस, अग्निशमन दल किंवा रुग्णवाहिका सेवेतून येणारी बहुतेक माणसे त्यांपैकी एक तरी विचारतातच. इथे आल्याची नोंद माझ्या खात्यापर्यंत जाईल का, हा पहिला. दुसरा त्यांनी बऱ्याच वेळाने आणि काहीसा संकोचून विचारला: मी घटनास्थळी गेलेच नव्हते, नुसता आवाज ऐकला, मग मला एवढा त्रास का व्हावा?

पहिल्याचे उत्तर आधी द्यावे लागते, कारण त्याशिवाय पुढचे बोलणे मोकळेपणाने होत नाही. व्यक्ती स्वतःहून समुपदेशकाकडे येते तेव्हा तिचे बोलणे गोपनीय राहते. तिच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला तातडीचा धोका असेल, किंवा माहिती देणे कायद्याने बंधनकारक असेल, तेव्हाच त्याला अपवाद होतो. खात्याने पाठवलेल्या तपासणीचे, विशेषतः कामावर ठेवण्यास किंवा शस्त्र देण्यास व्यक्ती योग्य आहे का हे ठरवणाऱ्या तपासणीचे, नियम मात्र वेगळे असतात आणि तिचा निष्कर्ष खात्याला कळवला जातो. हा फरक कर्मचाऱ्यांना क्वचितच कोणी समजावून सांगते, त्यामुळे मदतीची सगळीच ठिकाणे त्यांना सारखीच धोक्याची वाटू लागतात. मदतीचा क्रमांक भिंतीवर लावणाऱ्या कार्यालयांनी ‘येथे सांगितलेले कोणाला कळते’ एवढी एक ओळ त्याच कागदावर छापली, तरी पुष्कळ काम होईल असे माझे मत आहे.

दुसऱ्या प्रश्नामागे एक फोन होता. आई उठत नाही, असे सांगणाऱ्या एका लहान मुलाला त्यांनी रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत बोलते ठेवले. दार उघडल्याचा आवाज आला, फोन बंद झाला आणि लगेच पुढचा फोन आला. त्या आईचे काय झाले हे त्यांना कधीच कळले नाही. या गोष्टीला दोन महिने उलटून गेले, तरी कुठेही फोन वाजला की छातीत धडधडायचे, झोप लागताना तो आवाज आठवायचा आणि घरात झोपलेल्या मुलाचा श्वास चालू आहे ना हे पाहायला त्या रात्री अनेकदा उठायच्या. नवऱ्याचे म्हणणे असे की, तू तर खुर्चीत बसून असतेस.

आघातानंतरच्या तणावविकाराला मानसविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेत १९८० साली स्थान मिळाले. २०१३ च्या आवृत्तीत हेही स्पष्टपणे नमूद झाले की कामाचा भाग म्हणून भीषण घटनांच्या तपशिलांना वारंवार किंवा तीव्रपणे सामोरे जावे लागणे, हेही या विकाराचे कारण असू शकते. तेव्हा प्रत्यक्ष हजर असणे ही अट नाही. माझ्या अनुभवात ऐकणाऱ्याचा त्रास काही बाबतींत अधिक चिवट असतो. घटनास्थळी गेलेल्याच्या हातांना काहीतरी काम असते आणि शेवट त्याच्या डोळ्यांसमोर घडतो. ऐकणाऱ्याला दृश्य मनातच रचावे लागते, आणि शेवट माहीत नसल्यामुळे मन ते पुन्हा पुन्हा, बहुधा वाईटाकडेच झुकवून, रचत राहते.

या बाईंच्या पर्यवेक्षकांनी त्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाला काय वाटले ते बोलायला लावले होते. त्यांचा हेतू चांगला होता आणि ही पद्धतही त्यांच्या मनची नव्हे. पूर्वी अग्निशमन व रुग्णवाहिका सेवेत काम केलेले अमेरिकेतील जेफ्री मिचेल यांनी १९८३ मध्ये अशा गटचर्चेची रीत मांडली आणि ती जगभर पसरली. पुढच्या अभ्यासांत मात्र अशा एकाच बैठकीने विकार टळतो असे दिसले नाही, काहींचा त्रास तर वाढलेला आढळला; ब्रिटनच्या आरोग्यविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी २००५ मध्येच ती सरसकट वापरू नये असे सांगितले. सुरुवातीच्या दिवसांत विश्रांती, जेवण, विश्वासाच्या माणसांची सोबत आणि काही आठवड्यांनी पुन्हा केलेली विचारपूस यांचा उपयोग अधिक होतो. बहुतेक जण त्यातून आपोआप सावरतात. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि कामात किंवा घरात अडथळा आणू लागली, तर मात्र वाट पाहू नये.

या बाईंच्या बाबतीत ती मर्यादा ओलांडली होती, म्हणून आत्महत्येचे विचार येतात का हे स्पष्ट शब्दांत विचारून घेतल्यावर (ते येत नव्हते) मी त्यांना आघात-केंद्रित बोधात्मक वर्तनोपचार (आघाताच्या आठवणी आणि त्यांभोवतीचे विचार व वागणे यांवर बोलून केला जाणारा उपचार) देणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञांकडे पाठवले. तिथेही तो फोन त्यांनी सांगितलाच, पण स्वतः ठरवलेल्या गतीने आणि या कामाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसासमोर. ‘पत्ता आणखी लवकर विचारला असता तर’ हा सल त्या उपचारात हळूहळू सैल झाला.

माझ्याकडे राहिले त्यांचे घर आणि कामाच्या पाळ्या. नवऱ्याला एकदा बोलावले आणि ‘काय झाले ते सांग’ याऐवजी ‘आत्ता बोलायचे आहे की थोडा वेळ हवा आहे?’ असे विचारायला सुचवले. त्यांना ते सुरुवातीला फारच औपचारिक वाटले. रात्रपाळीच्या उत्तरार्धात चहा-कॉफी बंद केली, कारण कॅफिनचा अंमल कित्येक तास टिकतो आणि सकाळची झोप उथळ होते.

कार्यालयाकडे त्यांनी स्वतःच दोन मागण्या केल्या. गंभीर फोननंतर काही मिनिटे लाइनवरून बाजूला होण्याची मुभा मिळाली. फोनचा पुढचा परिणाम कळवण्याची मागणी रुग्णांच्या गोपनीयतेचे कारण देऊन नाकारली गेली, आणि ते कारण खोटे नाही हे मान्य करावे लागते. आता झोप बरीच सुधारली आहे. रात्रपाळ्या कमी करून मागण्याचा अर्ज त्यांनी लिहून ठेवला आहे, पण आपला भार सहकाऱ्यांवर पडेल म्हणून त्या तो देत नाहीत. माझ्या मते त्यांनी तो द्यावा, आणि यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.