नाली तुंबली नगरपरिषदेची, नोटीस आली दुकानदाराला

प्रश्न : आमचं गाव तालुक्याचं, मंगळवारचा बाजार मोठा भरतो. जुन्या मोंढ्यामागच्या (धान्यबाजारामागच्या) गल्लीत आमचं घर आणि खाली माझं किराणा-भुसाराचं दुकान आहे. समोरून नगरपरिषदेची नाली जाते. दोन वर्षांपासून ती पुढच्या वळणावर ढाप्याखाली, म्हणजे नालीवरच्या पक्क्या झाकणाखाली, तुंबते. ऑगस्टच्या शेवटी मोठा पाऊस झाला तेव्हा नालीचं पाणी उंबरा ओलांडून दुकानात आलं. तूर-हरभऱ्याची पोती, साखर, पिठाच्या थैल्या सगळं खराब झालं. गल्लीतल्या लोकांच्या सह्यांचा अर्ज मी मुख्याधिकाऱ्यांना दिला. नाली तर काढली नाहीच, उलट महिनाभराने माझ्याच दारावर नोटीस चिकटवली, की तुमचा ओटा नालीवर आहे, सात दिवसांत काढा, नाहीतर आम्ही पाडू. नोटीस वडिलांच्या नावाने आहे. ते 2019 मध्ये वारले. ओटा त्यांनीच 1991 मध्ये बांधला. ऑफिसात विचारलं तर ‘आधी ओटा काढा, मग नालीचं बघू, तसाही निधी नाही’ म्हणतात. काही जण म्हणतात, सगळे मिळून घरपट्टी-पाणीपट्टी बंद करू. काहींचं मत असं, की वर्गणी करून दोन माणसं आणावीत आणि ढाप्याखाली उतरवून नाली काढून घ्यावी. मी काय करावं?
— एक दुकानदार

उत्तर : तुमच्या पत्रात तीन भांडणं एकमेकांत अडकली आहेत : ओट्याचं, नालीचं आणि खराब झालेल्या मालाचं. नगरपरिषदेला ती तशीच अडकलेली हवी आहेत, म्हणून तर ‘आधी ओटा, मग नाली’ हे उत्तर मिळालं. तिन्हींचे कायदे वेगळे, मुदती वेगळ्या, दारंही वेगळी. ती एका अर्जात कोंबू नका.

ओट्यापासून सुरू करतो, कारण सात दिवस तिथे चालू आहेत. पत्रासोबतचे फोटो पाहिले. तीन पायऱ्या, त्यावर शहाबादी फरशी, आणि फरशी दोन्ही बाजूंनी सिमेंटने पक्की केलेली. नाली तुमच्या दारापाशी फरशीखाली शिरते आणि शेजारच्या पानपट्टीपाशी बाहेर येते. सफाई कामगाराला तेवढ्या भागात फावडं घालायला जागाच नाही. स्पष्ट सांगायचं तर ही बाजू तुमची कमजोर आहे, आणि हे मी आज सांगितलेलं बरं. नाहीतर उद्या समोरचा वकील सांगेल.

नोटीस मयत माणसाच्या नावाने आहे, तिच्यात कलम नाही, मोजमाप नाही, हे सगळे दोष खरे. पण त्यावर खूश होऊ नका. असे दोष दुरुस्त करून नवी नोटीस काढायला ऑफिसला एक दुपार पुरते. ‘ओटा तीस वर्षांच्या वरचा आहे’ हाही मुद्दा लोक फार विश्वासाने मांडतात. मुदतीच्या कायद्यात सार्वजनिक रस्त्याच्या ताब्यासाठी स्थानिक संस्थेला तीस वर्षांची मुदत आहे, हे खरं; पण ती संस्था दावा लावते तेव्हाची गोष्ट. रस्त्यावरचा वा नालीवरचा अडथळा काढायचा अधिकार नगरपरिषदेला तिच्या कायद्यानेच दिलेला आहे, त्यासाठी तिला दावा लावावा लागत नाही. या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका.

हल्ली आणखी एक गोष्ट सगळ्यांच्या मोबाईलवर फिरते : सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, पंधरा दिवसांची नोटीस दिल्याशिवाय काहीच पाडता येत नाही. तो निकाल 13 नोव्हेंबर 2024 चा. त्यात पंधरा दिवसांच्या कारणे दाखवा नोटिशीचा दंडक आहे, पण त्याच निकालात लिहिलंय की रस्ता, गल्ली, फूटपाथ, नदी-जलाशय अशा सार्वजनिक जागेवरच्या बेकायदा बांधकामाला हे निर्देश लागू नाहीत. फॉरवर्ड करणारे ती ओळ गाळतात. तुमची बाजू ऐकून न घेता जेसीबी आणता येत नाही, याला आधार आहे तो जुना. 1985 च्या ओल्गा टेलिस प्रकरणात फूटपाथवर राहणाऱ्यांनासुद्धा नोटीस दिली पाहिजे, असं न्यायालयाने म्हटलं होतं. तेवढं संरक्षण तुम्हालाही आहे. ते वेळ मिळवून देतं, ओटा वाचवत नाही.

म्हणून सात दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या आणि आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. उत्तर लांबलचक नको. वडील वारले असून मृत्यूचा दाखला जोडला आहे. नोटिशीत कलम व मोजमाप नाही, ते कळवावं. सिटी सर्व्हे झालेला असल्यास भूमी अभिलेखकडून समक्ष मोजणी व्हावी. आणि चौथी गोष्ट, सगळ्यात महत्त्वाची : नालीवरची फरशी मी स्वखर्चाने अमुक तारखेला उचलत आहे. तारीख आठवड्याच्या आतली द्या आणि त्या तारखेला गवंडी बोलावून ती खरंच उचला. उचलण्याआधीचे, उचलतानाचे आणि नंतरचे फोटो काढा. पायऱ्या तुमच्या हद्दीत किती आणि बाहेर किती हे मोजणीनंतर ठरेल, त्यांना आज हात लावायची गरज नाही. दारात जायला उचलता येईल अशी लोखंडी जाळी टाकायची असेल तर तीही परवानगी मागूनच टाका.

तुम्हाला वाटेल, वकील पहिल्याच फटक्यात शरण जायला सांगतोय. तसं नाही. फरशी निघाली की ‘आधी ओटा’ हे वाक्य ऑफिसच्या तोंडून कायमचं गेलं. शिवाय नाली तुमच्या फरशीखाली नाही, पुढच्या वळणावर तुंबते असं तुम्ही लिहिता. ते आता उघड्या नालीत उभं राहून कुणालाही दाखवता येईल.

आता नाली. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 याच्या कलम 49 मध्ये नगरपरिषदेची बंधनकारक कर्तव्यं दिली आहेत. सार्वजनिक रस्ते आणि नाल्या साफ ठेवणं त्यात येतं. बंधनकारक म्हणजे जमलं तर करायचं काम नव्हे. ‘निधी नाही’ या उत्तराचा निकाल तर 1980 मध्येच लागलाय. मध्य प्रदेशातल्या रतलाम गावच्या रहिवाशांची तक्रार जवळपास तुमचीच होती : उघड्या नाल्या, घाण, दुर्गंधी. ते दिवाणी कोर्टात गेले नाहीत, मॅजिस्ट्रेटकडे गेले. मॅजिस्ट्रेटने नगरपालिकेला काम करायचा हुकूम दिला. नगरपालिका भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. तिचं एक म्हणणं पैसे नाहीत हे होतं. दुसरं तर ऐकण्यासारखं होतं, की या लोकांनी वस्ती घाण आहे हे बघूनच तिथे घरं घेतली, आता ओरडतात कशाला! न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने दोन्ही म्हणणी फेटाळली. पैशाची अडचण सांगून नगरपालिकेला आपलं मूळ कर्तव्य टाळता येत नाही, हा तो निकाल.

रतलामकरांनी वापरलेलं दार तुम्हालाही उघडं आहे. तेव्हा ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 133 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 152 आहे. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे एसडीओ ऑफिसात, उपविभागीय दंडाधिकारी या नात्याने करायचा. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा सशर्त हुकूम ते काढू शकतात, म्हणजे अमुक मुदतीत काम करा किंवा हजर राहून का नाही ते सांगा. जागेची पाहणीही करवून घेऊ शकतात. हुकूम कायम होऊनही पाळला नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 223 खाली कारवाई होऊ शकते. माझ्या अनुभवात नगरपरिषदेच्या ऑफिसात दहा अर्जांनी हलत नाही ते एसडीओंच्या एका समन्सने हलतं, कारण तिथे मुख्याधिकाऱ्यांना कुणीतरी तारीख विचारतो.

या अर्जात ‘माझं दुकान’ हा सूर नको. उपद्रव सार्वजनिक असावा लागतो. गल्लीतली घरं, मंगळवारी त्या रस्त्याने मोंढ्यात जाणारे शेतकरी आणि हमाल, जवळ शाळा किंवा अंगणवाडी असेल तर ती, डासांमुळे झालेल्या डेंग्यू-मलेरियाच्या केसपेपरच्या झेरॉक्स, हे सगळं आणा. अर्जदार पाच-सहा असू द्या, आणि त्यात ज्यांचा ओटा नालीवर नाही असे दोघेतिघे हवेतच. तुम्ही दिलेल्या पहिल्या सह्यांच्या अर्जाची पोच असेल तर जोडा. पोच घेतली नसेल, तर तो अर्ज ऑफिसच्या लेखी अस्तित्वातच नाही. आजच्या तारखेचा नवा द्या.

एसडीओंकडे जाण्याआधी किंवा जोडीनेच माहिती अधिकाराचा एक अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. मागायचं एवढंच : गेल्या दोन वर्षांत या गल्लीतली नाली कोणत्या तारखांना साफ केली, त्याची नोंदवही, ठेकेदाराला दिलेली बिलं आणि मोजमाप पुस्तिकेची पानं. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. नाली कधीच निघाली नाही आणि बिलं मात्र निघाली, असं सापडलं तर ‘निधी नाही’चं काय होतं ते तुम्हीच बघाल.

खराब मालाच्या भरपाईबाबत एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. 1965 च्या कायद्याच्या कलम 304 प्रमाणे नगरपरिषदेच्या हयगयीबद्दल दावा लावायचा तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो, आणि त्याआधी एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. साधारण तीन वर्षं मुदत असते या समजुतीत लोक इथे दावा गमावतात. ऑगस्टच्या शेवटी पाणी शिरलं, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी मुदत संपते. काठावर जाऊ नका; वकिलामार्फत नोटीस डिसेंबर उजाडायच्या आत जाऊ द्या. पुरावा म्हणून खरेदीची बिलं, स्टॉक रजिस्टर, जीएसटी विवरणपत्र असेल तर ते, आणि भिजलेल्या पोत्यांचे फोटो. मोबाईलमधले मूळ फोटो डिलीट करू नका, फोन बदलला तरी जपा; कोर्टात ते दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. रक्कम फार मोठी नसेल तर दाव्याऐवजी कायम लोक अदालतीचा पर्याय आहे. सार्वजनिक स्वच्छतेची व्यवस्था ही तिच्या कक्षेतली सेवा आहे, कोर्ट फी लागत नाही, आणि तडजोड झाली नाही तर ती स्वतः निर्णय देऊ शकते. पण तिथे अर्ज दिला की त्याच वादासाठी कोर्टात जाता येत नाही, तेव्हा एकच दार निवडा.

घरपट्टी-पाणीपट्टी बंद करण्याचा विचार सोडून द्या. थकबाकीवर शास्ती चढते, नळ तोडायला ऑफिसला आयतं कारण मिळतं, आणि एसडीओंसमोर पहिलं वाक्य ‘अर्जदार स्वतः थकबाकीदार आहेत’ हे असेल. भरा, पण सोबत ‘हक्क राखून भरणा’ असं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या.

वर्गणी काढून माणसं उतरवायची कल्पना मात्र जिथे ऐकाल तिथेच थांबवा. ढाप्याखालच्या बंद नालीत, संरक्षक साधनांशिवाय कुणाला उतरवणं हे माणसाच्या जिवावर बेततं. विषारी वायूला वास येईलच असं नाही, आणि एक जण पडला की त्याला काढायला दुसरा उतरतो. बंद गटार आणि सेप्टिक टँकमध्ये असं उतरवण्याला 2013 च्या हाताने मैला उचलण्यास मनाई करणाऱ्या कायद्याने बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. काम खाजगी माणसाने दिलं म्हणून सूट नाही. आज नगरपरिषद दोषी आहे. त्या दिवशी वर्गणी गोळा करणारे तुम्ही आरोपी व्हाल. सक्शन मशीन आणण्याची मागणी अर्जातच लिहा.

शेवटी नावाचं. वडील जाऊन इतकी वर्षं झाली तरी मालमत्ता नोंदवहीत त्यांचंच नाव आहे, म्हणूनच नोटीस त्यांच्या नावाने आली. मृत्यूचा दाखला आणि वारसांचे कागद देऊन आईचं व तुम्हा भावंडांचं नाव लावून घ्या. मोंढ्यातल्या जुन्या घरांची खरेदीखतं अनेकदा निजामाच्या काळातली, उर्दूत असतात. तुमचं तसं असेल तर मोजणीच्या आधी त्याचं भाषांतर करून घ्या, चतुःसीमेत, म्हणजे चारही बाजूंच्या हद्दीच्या वर्णनात, नाली किंवा रस्ता कसा लिहिलाय ते तिथेच कळेल. खर्चाची चिंता असेल तर आईला घेऊन तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा. स्त्रीला मोफत वकील मिळायला उत्पन्नाची अट नाही. नोटिशीचं उत्तर तिच्या आणि तुमच्या, दोघांच्या सहीने जाऊ द्या.