हात थरथरतात, गोळी बंद करू का?

प्रश्न: माझं वय ६८. बायपोलर (मूड टोकाचा वर-खाली होण्याचा आजार) आहे, ३० वर्षं लिथियम घेतेय, मूड बराच स्थिर असतो. पण हल्ली हात इतके थरथरतात की ग्लास उचलला की अर्धं पाणी अंगावर. गोळी बंद करू का?

उत्तर: ताई, स्वतःच्या मनाने अजिबात बंद करू नका, एकदम थांबवली की आजार उसळायची भीती असते, पण हे अंगावरही काढू नका. लिथियम किडनीवाटे बाहेर पडतं आणि वयानुसार किडनी मंदावते, म्हणजे इतकी वर्षं सोसलेला तोच डोस आता रक्तात जास्त साठू शकतो आणि त्यानेही हात थरथरू शकतात. उद्याच डॉक्टरांना फोन करा, लिथियम लेव्हल (शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉईड, कॅल्शियम तपासून घ्या. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन किंवा बीपीची नवीन गोळी चालू झालीय का तेही सांगा, काही गोळ्यांनी लेव्हल वाढते आणि हे सांगायचं हमखास राहतं कारण गुडघ्याचे डॉक्टर वेगळे, मनाचे वेगळे. उलट्या, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं असं काही झालं तर मात्र पुढची गोळी न घेता लगेच हॉस्पिटल गाठा. ३० वर्षं सांभाळलंत हे, खरंच कौतुक वाटतं. कदाचित नुसता डोस कमी करूनही भागेल.