ठाण्यात किंवा नवी मुंबईत शाश्वत वनधोरणावर आंतरराष्ट्रीय बैठक घ्यायची आहे. हॉल कुठला घ्यावा आणि तयारी कुठून सुरू करावी?

साठ पाहुणे, तीन दिवस, २०२७ चा जानेवारी किंवा फेब्रुवारी आणि शेवटी एक संयुक्त निवेदन, एवढं तुमच्या प्रश्नातून कळलं. पण खाली तपशिलात तुम्ही लिहिलंय, ‘फ्रेंच आणि स्पॅनिश दुभाषी ठरलेत, गडचिरोली आणि येऊरच्या लोकांसाठी एखादा स्वयंसेवक बसवू.’ हॉलचं नंतर बोलू. आधी ही ओळ खोडा.

असं का सुचतं ते उघड आहे. परदेशी पाहुण्याला कळलं नाही तर आयोजकाची अब्रू जाते. गावच्या माणसाला कळलं नाही तर तो मान डोलावतो आणि फोटो छान येतो. पहिल्या दिवशी तारपा, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन. मग अडीच दिवस तो हेडफोनशिवाय बसून राहतो.

नवी मुंबईतल्या एका हॉटेलात झालेल्या बैठकीचं उदाहरण देतो, कारण चूक अगदी नमुनेदार होती. ग्रामसभेचे प्रतिनिधी मराठीत सांगत होते की आम्हाला सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू आम्ही तोडतो, आम्हीच विकतो. मागे खुर्ची टाकून बसलेल्या विद्यार्थिनीने त्याचं ‘कम्युनिटी फॉरेस्ट’ केलं. फ्रेंच बूथने, म्हणजे दुभाष्यांच्या आवाजबंद खोलीतून, तिच्या इंग्रजीवरून ‘फोरे कॉम्युनोतेर’ केलं. शब्दाला शब्द बरोबर! पण कॅमेरूनच्या १९९४ च्या वनकायद्यात या शब्दाला पक्का अर्थ होता. गावाने सरकारशी केलेला व्यवस्थापनाचा करार, जास्तीत जास्त ५,००० हेक्टर, मुदत २५ वर्षं. तिकडच्या प्रतिनिधीने साहजिकच विचारलं, ‘तुमचा करार कधी संपतो?’ हा प्रश्न मराठीत पोचेपर्यंत झाला, ‘तुमचा हक्क कधी संपणार?’ ग्रामसभेचा माणूस भडकला, समोरच्याला काही कळेना, वीस मिनिटं गेली. आणि तिसऱ्या दिवशी निवेदनाच्या मसुद्यात वाक्य आलं, ‘गावांना भाडेपट्ट्याने दिलेली जंगलं.’

२००६ चा वनहक्क कायदा कुणाला काही भाड्याने देत नाही. आधीपासून असलेला हक्क तो मान्य करतो, आणि कलम ३(१)(आय) मध्ये जंगल राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा अधिकारही येतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचा सुमारे १,८०० हेक्टरवरचा हक्क २००९ मध्ये मान्य झाला, तरी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात पडायला एप्रिल २०११ उजाडलं. त्या दीड-दोन वर्षांत काय अडलं, हेच परदेशी लोकांना ऐकायचं असतं. ते ‘भाडेपट्टा’ शब्दात बुडालं. दोष त्या मुलीचा नाही. तिच्या हातात ना शब्दसूची होती, ना कानात आवाज.

तर मराठीचा पूर्ण बूथ घ्या. दोन दुभाषी, कारण वीस ते तीस मिनिटांनंतर एकट्या माणसाचा दर्जा घसरतोच. फिरत्या बूथचं आतलं माप किमान १.६ मीटर बाय १.६ मीटर आणि उंची २ मीटर असतं. बूथमधून वक्त्याचं तोंड आणि पडदा दोन्ही दिसले पाहिजेत. फ्रेंच आणि स्पॅनिश बूथ मराठी थेट घेऊ शकणार नाहीत, ते मराठी बूथच्या इंग्रजीवरून पुढे नेतील. याला रिले म्हणतात. दुभाष्याच्या कन्सोलवर, म्हणजे आवाज निवडायच्या यंत्रावर, रिलेची सोय आहे का, हे भाड्याने देणाऱ्याला कोटेशन मागतानाच विचारा. भाषांतरकार आणि दुभाषी एक नव्हेत. उत्तम अनुवाद करणारे प्राध्यापक बूथमध्ये चौथ्या मिनिटाला गप्प होतात. गोंडी बोलणारं कुणी असेल तर गोंडीचं मराठी एकेक वाक्य थांबून करा आणि त्या वक्त्याला दुप्पट वेळ द्या.

शब्दसूची शंभर-सव्वाशे शब्दांची, पंधरा दिवस आधी सगळ्या बूथना. निस्तार (घरगुती गरजांसाठी जंगल वापरण्याचा गावाचा हक्क), गौण वनोपज, पाडा, कांदळवन (खाडीकाठचं तिवरांचं जंगल). ‘झुडपी जंगल’ तर ठळक अक्षरात लिहा. ‘स्क्रब फॉरेस्ट’ म्हटलं की अर्थ गेला. तो पूर्व विदर्भाच्या महसुली दप्तरातला शब्द आहे, तिथे आज झुडूप असो वा नसो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या जमिनी वनजमीन म्हणूनच धरल्या. असे शब्द भाषांतर न करता तसेच ठेवायचे आणि एका ओळीत समजवायचे.

याच सूचीच्या पहिल्या पानावर ‘वन’ म्हणजे काय ते लिहा, नाहीतर पहिला दिवस त्यात जाईल. अन्न व कृषी संघटनेच्या व्याख्येत किमान ०.५ हेक्टर, ५ मीटर उंचीची झाडं, १० टक्के छत्र (म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांनी झाकलेली जमीन), आणि फळबागा व पाम तेलाच्या बागा वगळलेल्या. आपल्या वन सर्वेक्षणाचं वनाच्छादन म्हणजे किमान १ हेक्टर आणि १० टक्के छत्र, मग मालकी कुणाची आणि लागवड कशाची ते बघत नाहीत. म्हणून देवगडची दाट आंबा-बागही आपल्याकडे वनाच्छादनात बसते. २०२३ च्या अहवालातला वन आणि वृक्षाच्छादन मिळून २५.१७ टक्क्यांचा आकडा कुणी पडद्यावर टाकला की ‘यात बागा धरल्यात का?’ हाच पुढचा प्रश्न येतो. त्यातलं नुसतं वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. दोन्ही आकडे व्याख्येसकट द्या.

निवेदनाचा पहिला मसुदा सहा आठवडे आधी पाठवा, चार पानांच्या वर नको. वाद असलेला मजकूर चौकटी कंसात. एक अनुवादक दिवसाला दोन-अडीच हजार शब्द नीट करतो, त्यामुळे शेवटच्या रात्री आठ वाजता दुरुस्त्या घेऊन सकाळी सगळ्या भाषांत प्रत मिळणार नाही. ती हवी असेल तर दुरुस्त्यांची वेळ दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बंद करा. मराठी प्रतही त्याच वेळी निघाली पाहिजे. ‘ती नंतर करू’ म्हणजे कधीच नाही.

आता तारीख. २०२७ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात चिनी नववर्ष, रमजानची सुरुवात आणि ब्राझीलचा कार्निव्हल एकत्र येतात. म्हणजे चीन, इंडोनेशिया आणि ब्राझील, जंगलावर बोलायला हवीत तीच माणसं गायब. १९ ते २१ जानेवारी बरी. ठाणे खाडीत तेव्हा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतात, आणि २२ ला पौर्णिमा असल्याने भरतीचं गणितही जुळतं. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, त्रयोदशीला पावणेदहा. पक्षी बघायची बोट ऐरोलीहून, आणि ऐरोली खाडीच्या आत असल्यामुळे तिथे पाणी थोडं उशिरा चढतं. बोटीला पाणी लागतं आणि पक्ष्याला चिखल, म्हणून भरतीच्या टोकाच्या जरा आधी निघून पाणी उतरू लागताना परतायचं. हा हिशेब न करता अष्टमीला दुपारी बाराची फेरी लावली की बसभर पाहुणे जेट्टीवर उभे आणि समोर नुसता गाळ. नेमकी वेळ ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून भरतीच्या तक्त्यावर पक्की करून घ्या.

क्षेत्रभेट शेवटच्या दुपारी ‘सहल’ म्हणून लावू नका, निम्मे लोक विमानतळावर असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लावा, मग दुपारच्या चर्चेत कांदळवनाचा मुद्दा ठोस होतो. २०१८ चा उच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यातला कांदळवनाभोवतीचा ५० मीटरचा पट्टा कागदावर वाचणं वेगळं, आणि एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला टॉवर बघत उभं राहणं वेगळं. येऊरला जायचं तर मोठी बस नको, घाटातल्या वळणांना छोट्या गाड्या बऱ्या. आणि परवानगी वनखात्याची घेतलीत तरी पाड्यावरच्या लोकांना आधी विचारा.

हॉलबद्दल : वाशीचं सिडको प्रदर्शन केंद्र जत्रेसाठी ठीक, साठ माणसांसाठी नाही. हॉटेलवाले क्षमता सांगतात ती खुर्च्यांच्या रांगांची. तुम्हाला टेबलांचा पोकळ चौकोन हवा, शिवाय तीन बूथ, म्हणजे ‘दोनशेचा’ हॉल, अडीच ते तीन हजार चौरस फूट, मध्ये खांब नको. घोडबंदर रोडवर घेऊ नका, तिथून ऐरोली गाठताना भरती निघून जाईल. ऐरोली ते वाशी पट्टा बघा. खाडीचा देखावा दाखवणारी काचेची भिंत असेल तर जपून, इन्फ्रारेड रिसीव्हर थेट उन्हात खरखरतात. जाड पडदे आहेत का, ते दुपारी तीन वाजता जाऊन बघा. रात्री सगळेच हॉल चांगले दिसतात.

आता कागदपत्रं, जी खरं तर आधी सांगायला हवी होती. पाहुण्यांना पर्यटक व्हिसा चालत नाही, कॉन्फरन्स व्हिसा लागतो, आणि आयोजकांनी परराष्ट्र व गृह मंत्रालयाकडून परवानगीचं बघावं लागतं. चार महिने धरा. परदेशी पैसा घेणार असाल तर संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि २०२० पासून तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच येऊ शकतो. एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही बंद आहे. ब्राझील, कॅमेरून, काँगो इथून येणाऱ्यांना पीतज्वराच्या लशीचा दाखला लागतो, तोही प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घेतलेल्या लशीचा. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात, म्हणजे तुमची बैठक संपून जाईल. निमंत्रणपत्राच्या पहिल्याच परिच्छेदात हे लिहा.

मराठी बूथ बजेटमध्ये बसत नाही असं कुणीतरी म्हणणारच. त्यांना स्मृतिचिन्हं, ज्यूटच्या पिशव्या आणि व्यासपीठावरच्या फुलांची बिलं एका कागदावर मांडून दाखवा, आणि शेजारी दोन दुभाष्यांचं तीन दिवसांचं कोटेशन ठेवा.